लेटी थॉर्पची जिंजर बियर

माझ्या पहिल्या गरोदरपणात, तिसऱ्या महिन्यात, पोटात पाणीसुद्धा ठरत नव्हतं. शाळेत फळ्यावर अर्धं गणित लिहायचं आणि तोंडाला रुमाल लावून मागच्या अंगणात पळायचं, असं दिवसातून पाच-सहा वेळा व्हायचं. मी परत येईपर्यंत चौथीची पोरं वर्ग डोक्यावर घेत. माझा नवरा हॅमिल्टन तेव्हा फ्रीटाउनच्या बंदरात कारकून होता. त्यानं एका बोटीवरच्या आचाऱ्याकडून जिंजर एलचे सहा डबे मिळवून आणले.

"गोऱ्या बायका मळमळलं की हेच पितात म्हणे," तो म्हणाला.

मी एक डबा प्यायले. गोड होतं, बुडबुडे होते, आणि दहा मिनिटांत सगळं नाकावाटे बाहेर आलं.

आमच्या आणि शेजारच्या लाकडी घराच्या मध्ये पत्र्याचं कुंपण होतं. त्यावरून लेटी थॉर्प बघत होती. क्लाइन टाउनमध्ये, म्हणजे आमच्या बंदराकडच्या वस्तीत, आमच्या वयाच्या सगळ्याजणी तिला आंटी म्हणायच्या. उंच, हडकुळी, डोक्याला फडकं इतकं घट्ट बांधलेलं की कपाळावर एक सुरकुती दिसायची नाही.

"ए इया, काय प्यायलीस ते दाखव बघू."

मी डबा दाखवला. तिनं हुंगला, एक थेंब जिभेवर घेतला.

"यात आलं कुठंय? मला यात आलं शोधून दे, महिनाभर तुझे कपडे धुईन."

"डब्यावर लिहिलंय ना आंटी."

"डब्यावर लिहायला काय जातंय त्यांचं!"

अर्ध्या तासानं ती स्वतःच्या हाताची जिंजर बियर घेऊन आली. नावात बियर असली तरी आमच्याकडे ती पाळण्यातल्या पोराच्या बारशालाही असते आणि पाद्रीबाबांच्या टेबलावरही. नशेचा प्रश्नच नाही. आलं उखळात कुटायचं, लवंगा आणि अननसाच्या सालींबरोबर पाण्यात भिजत टाकायचं, दुसऱ्या दिवशी फडक्यातून पिळून काढायचं, लिंबू, साखर. सगळ्या घरांत करतात. पण लेटीची घशातून खाली उतरताना रस्ता दाखवत जायची.

"घटाघटा नाही प्यायची," ती माझ्यासमोर बसून म्हणाली. "एक घोट. मग शंभर आकडे मोज. तू मास्तरीण आहेस, तुला येतात. मग दुसरा घोट. आणि सकाळी उठायच्या आधी कोरडा पाव चाव."

चार दिवसांत मी उभी राहिले. ओकारी अगदी गेली नाही, पण गणित पुरं व्हायला लागलं. हॅमिल्टननं उरलेले पाच डबे शाळेच्या शिपायाला देऊन टाकले.

"डॉक्टरकडे दाखवायला हवं का?" मी तिला विचारलं होतं.

"डॉक्टर हाड मोडल्यावर," ती म्हणाली. "पोटाचं मी बघते."

लेटीचा नवरा एबेनेझर रेल्वेत गार्ड होता. मोयांबाकडच्या गाड्यांवर त्याची पाळी असायची आणि परत येताना तो आल्याचं एक पोतं हमखास आणायचा. तेव्हा लेटी फक्त चर्चच्या लग्नांना, बारशांना जिंजर करून द्यायची, हौसेनं. मग रेल्वे बंद झाली. रूळ उखडले. एबेनेझर खाकी कोट घालून दारात बसायचा आणि वर्षाच्या आत गेला. लेटीनं आठ दिवस शोक केला, नवव्या दिवशी तीन बादल्या जिंजर भरली आणि बंदराच्या फाटकाशी बाकडं टाकून बसली. आलं आता ट्रकनं यायचं, धुळीनं माखलेलं. ती एकेक गड्डा नखानं खरवडून बघायची आणि ट्रकवाल्याला ऐकवायची, "माझा नवरा असता तर असलं आलं त्यानं गाडीतून खाली फेकलं असतं, आणि त्याच्यामागून तुला."

गिऱ्हाइकं भराभर वाढली. खाडीपलीकडे जाणारी माणसं फेरीबोटीवर चढण्याआधी एक पेला पिऊन जायची, म्हणजे लाटांनी पोट ढवळत नाही. चर्चच्या गायनमंडळाचे लोक ईस्टरच्या आधी घसा सुटावा म्हणून कोमट करून न्यायचे. सोमवारी सकाळी हमाल यायचे, डोकं धरून, आणि ती त्यांना विचारायचीसुद्धा नाही. लिंबू जास्त पिळून पुढं करायची. शाळेतल्या मोठ्या मुली महिन्याच्या त्या दिवसांत माझ्याकडे सुट्टी मागायच्या. मी त्यांना लेटीकडे पाठवायची, आणि बऱ्याचजणी दुपारी वर्गात परत दिसायच्या. पिळून उरलेला चोथासुद्धा फुकट जायचा नाही. निम्म्याचा गूळ घालून केक व्हायचा, दाताला कडक लागणारा, आणि निम्मा गरम करून म्हाताऱ्यांच्या गुडघ्यांना बांधायला जायचा.

हळूहळू अशी सवय लागली की आमच्या भागात कुणाला काही झालं की पहिलं वाक्य असायचं, "लेटीकडे गेलास का?" सरकारी दवाखाना दोन गल्ल्या सोडून होता. तिथली नर्स सिस्टर बांगुरा दारात उभी राहून रस्ता बघायची. लेटीला हे आवडायचं. मान ताठ व्हायची तिची. मी तिची बाजू घेऊन सांगते आहे, पण खोटं कशाला सांगू, आवडायचं तिला.

माझी मुलगी दोन वर्षांची झाली तेव्हाची गोष्ट. ईस्टरच्या आधीचा शनिवार होता. शनिवारी आमच्याकडे घरोघर फुफू, म्हणजे आंबवलेल्या कंदाच्या पिठाचा शिजवलेला गोळा, पाल्याच्या आमटीबरोबर, भरपूर पामतेल घालून. जेवणं झाल्यावर मी लेटीच्या ओसरीवर बसून तिला बाटल्या धुवू लागत होते, मुलगी पायाशी खेळत होती. तेवढ्यात पा कॅसियस आले.

वडीलधाऱ्याला आम्ही पा म्हणतो; पा कॅसियस डेकर म्हणजे आमचे शिंपी, आणि चर्चची घंटा वाजवणारेही तेच. साठीचे, गोल पोटाचे, बोलायला मिठ्ठास. पायऱ्या चढताना ते दोनदा थांबले. कपाळावर घाम होता. हात छातीच्या मधोमध.

"लेटी, फुफू इथं अडकलंय," ते म्हणाले. "खालीही जात नाही, वरही येत नाही."

"सिसी गस्टानं तिसऱ्यांदा वाढलं असेल, आणि तुम्ही नको म्हणाला नसाल."

"बायकोला नको म्हणायचं धाडस माझ्यात असतं तर मी शिंपी झालो असतो का? सैन्यात गेलो असतो."

आम्ही हसलो. लेटीनं दाट, बिनसाखरेची काढली. पा कॅसियस घोट घोट प्यायले. दोन मोठे ढेकर आले. चेहऱ्यावर थोडा रंग आला.

"बघा," लेटी म्हणाली.

"देवमाणूस आहेस." त्यांनी जबडा चोळला. "इथं दातातही कळ येतेय सकाळपासून."

"दात काढून टाका तो. नाहीतरी चार उरलेत."

ते अर्धा तास बसले. माझ्या मुलीला कापडाच्या चिंधीची बाहुली बांधून दिली. मग ईस्टरचे सूट पुरे करायचेत म्हणून उठले आणि सावकाश निघून गेले.

दुसऱ्या दिवशी, ऐन ईस्टरच्या सकाळी, चर्चची घंटा वाजली नाही. आम्ही सगळे नवे कपडे घालून घरात बसलेलो, घंटेची वाट बघत. शेवटी पाद्रीबाबांनी माणूस पाठवला. पा कॅसियसना पहाटे इस्पितळात नेलं होतं. सोमवारी दुपारी ते गेले. हृदयाचा झटका होता, आणि तो शनिवारीच सुरू झाला होता. डॉक्टरांनी सिसी गस्टाला सांगितलं, "लगेच आणलं असतंत तर काही करता आलं असतं. नक्की नाही सांगत, पण करता आलं असतं."

हे वाक्य लेटीपर्यंत पोचायला तास लागला नाही. कुणी आणून दिलं मला माहीत नाही. अशी वाक्यं आणून द्यायला माणसं तयारच असतात. मी धावत तिच्याकडे गेले. ती अंगणात होती. तिनं तिन्ही बादल्या गटारात ओतल्या होत्या आणि उखळ उपडं करून त्यावर बसली होती. गल्लीभर आल्याचा वास सुटला होता.

"आंटी, तुम्हाला काय माहीत होतं?"

"तेच," ती म्हणाली. "मला काय माहीत होतं? काहीच नाही. आणि लोक माझ्याकडे यायचे."

"ते स्वतःच म्हणाले फुफू अडकलंय म्हणून."

"आणि मी त्यांच्या दातांवर विनोद केला."

मीसुद्धा हसले होते त्या विनोदाला.

दफनाला ती सगळ्यात मागं उभी राहिली, झाडाखाली. बाकडं बंद झालं. फेरीचे लोक फाटकाशी येऊन इकडेतिकडे बघत, मग दुकानातल्या रंगीत बाटल्या घेत. कुणी घरी येऊन घसा दुखतोय म्हणालं की ती दार अर्धंच उघडायची. "सिस्टर बांगुराकडे जा." सर्दी असो, काही असो, तेच उत्तर. तिचं खाणंपिणंही कमी झालं. मी संध्याकाळी भाताबरोबर काही ना काही घेऊन जायची आणि ती खाईपर्यंत बसायची.

पाच आठवडे झाले असतील. मी अशीच तिच्याकडे बसले होते आणि सिसी गस्टा आली. काळे कपडे, हातात छत्री, बुटकी आणि ठाम. तिला बघून लेटी उभी राहिली आणि पुन्हा बसली. दफनानंतर दोघी एकमेकींसमोर आल्याच नव्हत्या.

गस्टानं छत्री भिंतीला टेकवली. "शुक्रवारी चाळिसावा आहे. दीडशे माणूस जेवायला येईल. जिंजर कोण करणार?"

आमच्यात गेलेल्या माणसाच्या नावानं चाळिसाव्या दिवशी मोठं जेवण घालतात. चवळी, तळलेली केळी, भात, आणि जिंजर तर हवीच.

"दुकानातनं बाटल्या आण," लेटी म्हणाली.

"कॅसियसच्या जेवणाला बाटल्या? जन्मात त्यांनी ते पाणी तोंडाला लावलं नाही."

"गस्टा, मी मारलं त्यांना."

मला तिथून उठून जावंसं वाटलं.

गस्टा खुर्ची ओढून बसली. "ऐक. गुरुवारपासून दुखत होतं त्यांना. मशीनवर बसल्याबसल्या दोनदा हात सोडला. मी म्हटलं, दवाखान्यात चला. म्हणाले, ईस्टर होऊ दे, अकरा सूट पडलेत. शुक्रवारी परत म्हटलं. परत तेच. शनिवारी मीच म्हणाले, बरं, दवाखाना नको तर निदान लेटीकडे तरी जा. मी म्हणाले गं, लेटी. मी पाठवलं त्यांना."

लेटीनं मान वर केली.

"तेव्हा तू मारलंस म्हणशील तर मीही मारलं," गस्टा म्हणाली. "आणि आपण दोघीच कशाला? सूट शिवायला टाकणारे अकरा जण आहेत. पाद्रीबाबांचापण होता त्यात."

"तुला माझा राग नाही आला?"

"आला नाही कसा? पंधरा दिवस रोज आला. सकाळी उठले की आधी तुझ्यावर चिडायची, मग चहा करायची. मग थकले गं. इतका राग करायला माणूस लागतं घरात बोलायला, आणि ज्याच्याशी बोलायचे तोच नाही." तिनं डोळे पुसले नाहीत, नुसती छत्री उचलली. "बुधवारी येते. आलं सोलायला मी बसेन. तुझ्या हातनं सालीबरोबर आलंही फार जातं, कॅसियस नेहमी म्हणायचे."

"असं म्हणायचे?" लेटी एकदम म्हणाली. "माझ्या हातनं?"

"म्हणायचे."

"काहीतरीच!"

पाच आठवड्यांत तिचा तो पहिला खरा आवाज होता.

बुधवारी उखळ पुन्हा उभं राहिलं. गस्टा सोलत होती, लेटी कुटत होती, मी पिळत होते. मधेच दोघींचे डोळे वाहू लागले. लेटी म्हणाली, आलं झोंबतंय. आलं डोळ्यांना झोंबत नाही, ते कांद्याचं काम, पण आम्ही कुणी तिला अडवलं नाही.

चाळिसाव्याला आधी गेलेल्या माणसाचा वाटा जमिनीला द्यायचा असतो. अंगणात छोटा खड्डा खणला होता. घरच्यांनी चवळी घातली, भात घातला. मग गस्टानं लेटीला पुढं ढकललं. लेटीनं पेला धरला. तिला बहुतेक काही मोठं बोलायचं होतं, पण एवढंच निघालं, "पा, मला विचारायचं सुचलं नाही हो." आणि तिनं पेला हळूहळू ओतला.

सोमवारी सकाळी ती न्याहारी न करता दवाखान्यात गेली. सिस्टर बांगुरानं मला हे नंतर सांगितलं. लेटी रांगेत बसली, नंबर आल्यावर आत गेली आणि म्हणाली, "मला काही झालेलं नाही. पोटाचं दुखणं कुठलं आणि दुसरं कुठलं, ते कसं ओळखायचं ते मला शिकव."

सिस्टरला आधी वाटलं ही भांडायला आलीय. मग तिनं तिला बाकावर बसवून घेतलं. असे सहा-सात सोमवार लेटी गेली. दुखणं हातात, खांद्यात, जबड्यात जातंय का. थंड घाम आहे का. गरोदर बाईला थेंबभर लघवीही होत नसेल, पाणीही ठरत नसेल तर एक दिवससुद्धा थांबायचं नाही. पोट फुगून कडक झालं असेल तर काही पाजायचं नाही. रक्त पातळ करायच्या गोळ्या चालू असतील तर दाट जिंजर रोज द्यायची नाही. लेटीला लिहिता यायचं, पण तिनं लिहिलं नाही; घरी येऊन मला म्हणून दाखवायची, आणि मी पाढे घेते तसे चुका काढायची.

मग बाकडं पुन्हा लागलं. पण आता पेला मागितला की आधी चौकशी व्हायची. लोक वैतागायचे.

"अगं, तहान लागलीय नुसती!"

"तसं सांग ना मग. घे."

फोडाय नावाच्या ड्रायव्हरची गोष्ट त्याच सालची. फोडाय पोडा-पोडा चालवायचा, म्हणजे ती आमची खच्चून भरलेली छोटी बस. एका दुपारी त्यानं बाकड्यासमोर गाडी थांबवली, खिडकीतून हात बाहेर काढला.

"मॅमी, एक पेला टाक! छातीत वारा भरलाय."

लेटीनं भरलेला पेला परत बादलीत ओतला. "छातीत कुठं?"

"छातीत म्हणजे छातीत! पत्ता देऊ का?"

"हात दुखतोय?"

"सकाळपासून गिअर ओढतोय, हात दुखणार नाही तर काय नाचणार?"

"घाम?"

"अगं, ऊन बघ केवढं आहे!"

लेटीनं बादलीवर झाकण ठेवलं, रस्ता ओलांडला आणि ड्रायव्हरच्या बाजूचं दार उघडलं. "उतर. पलीकडं सरक. तू चालवायचं नाहीस."

आत अठरा माणसं, दोन कोंबड्या आणि मासळीचा एक हारा. सगळे ओरडायला लागले. फोडाय सगळ्यांत जोरात. पण लेटी दारात उभी, आणि ती दारात उभी राहिली की दार बंद करता यायचं नाही. शेवटी प्रवाशांतला एक जाडजूड पोलीस, रजेवर घरी चाललेला, तो स्टिअरिंगवर बसला. "मला जीप येते," म्हणाला, "हेही येईल." आणि ती अख्खी पोडा-पोडा, कोंबड्यांसकट, मोठ्या इस्पितळाच्या फाटकात गेली. वाटेत मासळीवाली बाई सारखी म्हणत होती, "माझा माल खराब झाला तर मेल्या, तू आधी मर."

डॉक्टरांनी तपासलं, नळी लावून ऐकलं, यंत्र लावलं. काहीही नव्हतं. सकाळी फोडायनं बारा तळलेली केळी खाल्ली होती. वारा म्हणजे वाराच होता.

त्यानंतर दोन वर्षं तो बाकड्यासमोरून जाताना गाडी हळू करायचा आणि छाती धरून ओरडायचा, "मॅमी लेटी! गेलो गं मी! पोलिसाला बोलाव!" सगळी बस हसायची. पहिल्या आठवड्यात लेटीचा चेहरा पडायचा. मी तिला म्हटलं, "आंटी, मनावर घेऊ नका."

"मी कुठं घेतलंय?" ती म्हणाली. "आवाज बघ ना त्याचा. कसा खणखणीत आहे." आणि तिनं त्याला हात केला.

लोक त्या गोष्टीला हसले खरे, पण त्यानंतर छातीचं दुखणं घेऊन गल्लीतले दोन बुवा मुकाट्यानं स्वतःच्या पायानं दवाखान्यात गेले. पोडा-पोडातून नेलं जाण्यापेक्षा ते बरं, असं त्यांच्या बायकाच सांगायच्या. एकाच्या गोळ्या सुरू झाल्या. तो अजून आहे.

सिस्टर बांगुरानं पुढच्या वर्षी स्वतःच सुचवलं की बाकडं बंदराच्या फाटकावरून उचलून दवाखान्याच्या फाटकाशी आण. घसा, मळमळ, जडपणा असली माणसं लेटीकडून पेला पिऊन बाहेरच्या बाहेर घरी जायची, आणि बाकीच्यांना ती बोट दाखवून आत पाठवायची. कधीकधी उलटंही व्हायचं, सिस्टर आतून ओरडायची, "लेटी, हिला काही नाही, परीक्षा आहे म्हणून पोटात गोळा आलाय. कोमट दे!"

आमची बदली पुढं बो गावी झाली, तरी दर ख्रिसमसला मी येत राहिले. अकरा वर्षं लेटी त्या फाटकाशी बसली. शेवटची दोन वर्षं तिला मुसळ उचलवत नव्हतं. तेव्हा सिसी गस्टा सकाळी येऊन कुटायची आणि लेटी गाळायची, आणि सालीबरोबर आलं कुणाच्या हातनं जास्त जातं यावर दोघींचं रोज वाजायचं.